दूध न पिणाऱ्यांची आजी

केज शहर, तालुका आणि पंचक्रोशीतील समस्त जनतेस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमच्या गल्लीतील एका घरी दूध येणे कायमचे बंद झाले आहे. म्हैस आटलेली नाही, रतीबवाला रुसलेला नाही, फ्रीज बिघडलेला नाही. घरात दोन लहान लेकरे असून ती धडधाकट आहेत. तरी नागरिकांनी घाबरून न जाता आपापल्या घरचा चहा उकळत ठेवावा.

अशी दवंडी प्रत्यक्षात कुणी दिली नाही. गरजच पडली नाही. बातमी सकाळी नळाला सुटली आणि दुपारपर्यंत बसस्टँडवर पोचली. माझ्यावर तर ती अंगावर भिंत पडावी तशी पडली. कारण मी पेढेवाला. माझं सगळं आयुष्य दुधावर तरंगतं. दूध सोडलेलं घर आणि दूध आटवणारं माझं दुकान, अगदी समोरासमोर. मध्ये फक्त रस्ता आणि त्यावर आडवी पडलेली कुत्री.

ते घर अंगद शिनगारेचं. अंगद गुरांच्या दवाखान्यात नोकरीला. घर माळकरी, त्यामुळे मांस-मच्छी, अंडं आधीपासूनच नव्हतं. त्यात एके दिवशी दूध, दही, तूप गेलं, पाठोपाठ मधही गेला. लेकरांनाही तेच. मोठी सई तेव्हा शाळेत नुकतीच रमली होती, धाकटा ओंकार अंगणवाडीत जाऊन रडत होता. याला शहरात काहीतरी इंग्रजी नाव आहे, ते मला मोबाईलवरून कळलं. अंगद ते नाव वापरायचा नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "आमच्या घरी जनावराचं काई खात न्हाईत," आणि विषय पावसावर न्यायचा.

पण ही कथा अंगदची नाही. ती त्याच्या आईची, सिरसाळ्याच्या गयाबाईंची. आणि गयाबाईंच्या गोठ्यात तेव्हा सहा म्हशी होत्या.

गयाबाई बुटक्या, रुंद आणि ठाम. इरकल लुगडं, कपाळावर बंद्या रुपयाएवढं गोंदण, हातात किटली. त्या किटलीच्या तोंडाला पांढरं फडकं असं आवळून बांधलेलं, की सिरसाळ्याहून निघून धारूरला गाडी बदलली, घाटात एसटीनं सगळ्या प्रवाशांना एकमेकांच्या मांडीवर बसवलं, तरी थेंब सांडायचा नाही. मी एकदा विचारलं, "मावशी, उन्हाळ्यात एवढ्या लांबचं दूध नासत कसं नाही?" म्हणाल्या, "निघतानाच दम दिल्याला असतो त्येला."

आवाज ओढ्यापलीकडच्या म्हशींना हाका मारून कमावलेला. हळू बोलणं त्यांना येतच नव्हतं. गुपित सांगायचं झालं तर त्या तोंडावर पदर घ्यायच्या आणि पदराआडून ओरडायच्या.

जगातल्या सगळ्या दुःखांचं कारण त्यांना ठाऊक होतं, आणि ते एकच होतं. पोरगा नापास झाला? "दूध कमी पडलं." कुणाचं लग्न जमेना? "दूध कमी पडलं." एक पुढारी निवडणुकीत सपाटून आपटला, त्याची चर्चा माझ्या दुकानात चालली होती. सगळे जातीचं गणित मांडत होते. गयाबाईंनी कोपऱ्यातून निकाल दिला, "ल्हानपनी दूध कमी पडलं आसंल." माझ्या टकलाकडे बघून त्या काही बोलायच्या नाहीत, फक्त निःश्वास सोडायच्या.

आता कल्पना करा. अशा बाईच्या कानावर बातमी जाते की तिच्या पोटच्या पोरानं घरातून दूध हद्दपार केलंय.

दुसऱ्याच दिवशी त्या आल्या. मी कढईपुढं बसलो होतो, त्यामुळे पहिल्या रांगेतून पाहिलं. अंगद दारात आला, वाकून पाया पडला.

"माय, आत ये."

"आदी ही किटली आत जाईल, मंग मी."

"किटली नको. तू ये."

"किटली न्हाई तर मी बी न्हाई."

अंगदची बायको रेखा तांब्या घेऊन बाहेर आली. "आत्याबाई, उन्हातून आलाव, पाणी तरी घ्या."

गयाबाईंनी तांब्याकडे पाहिलं, मग साऱ्या गल्लीकडे पाहिलं. कारण साक्षीदार लागतात. "ज्या घरात दूध न्हाई, त्या घरचं मी पानी बी घेनार न्हाई!" असं म्हणून त्या वळल्या, रस्ता ओलांडला, माझ्या दुकानाबाहेरच्या बाकड्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "शेठ, पानी द्या."

त्या दिवसापासून ते बाकडं माझं राहिलं नाही.

दर बाजाराच्या दिवशी त्या यायच्या. किटलीतलं दूध माझ्या कढईत ओतायच्या, कारण परत न्यायचं म्हणजे नाचक्की. मग कढईवर वाकून माझ्या खव्याचा वास घ्यायच्या. एकदा भर गिऱ्हाइकांत म्हणाल्या, "शेठ, ह्या खव्यात म्हशीपक्षा हापसा जास्त हाय." दोन गिऱ्हाइकं तिथल्या तिथं उठून गेली. मावशींच्या मते त्यांनी माझ्यावर उपकार केला होता.

मग समोरून लेकरं पळत यायची. त्यांची तपासणी व्हायची. शेळीच्या बाजारात करतात तशी. काखेत हात घालून उचलायचं, जरा हलवायचं, डोळे मिटायचे. मग निकाल. "हलकं लागतंय." सई हलकी, ओंकार हलका, आठवड्यामागून आठवडे हलकेच. अंगणवाडीच्या काट्यानं ओंकारचं वजन चांगलं दाखवलं, तर काटा खोटा. पुढं एकदा त्यांनी ओंकारला उचलायला घेतलं आणि तो जमिनीवरून सुटेचना. गुबगुबीत पोरगं, वर पाय रोवून उभं. गयाबाईंनी त्याला सोडलं, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "माजी कंबर धरलीया आज." पोरगं जड झालं, हे त्यांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

रेखा अधूनमधून सासूसाठी ताट पाठवायची. सासू हात लावायची नाही, पण ताट परतही पाठवायची नाही. ते मी खायचं आणि अहवाल द्यायचा. ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, शेवग्याच्या पाल्याची भाजी, जवसाची चटणी, कधी तिळाची पोळी. माझं पोट सुटलं ते माझ्या पेढ्यांनी नाही, या तपासकामानं.

"कसं हाय?"

"बरंय मावशी."

"बरं म्हंजी वंगाळ."

"नाही, चांगलंय."

"मंग समदं खाल्लंस कावून? मला वास तरी द्यायचा की!"

एकदा वाटीत खीर आली. करडई भिजवून, वाटून, पिळून काढलेल्या दुधाची. आमच्याकडं जुन्या बायका ती करायच्याच, रेखानं काही विलायतेहून आणली नव्हती. मी म्हटलं, "मावशी, करडईचं दूध आहे."

गयाबाईंनी वाटीचा वास घेतला. मग म्हणाल्या, "करडईला कास कुठं असती?"

मी वाटी चाटूनपुसून संपवली.

पण हसण्यावारी नेण्यासारखं हे प्रकरण नव्हतं. बाई बाकड्यावर बसून जी धार दाखवायच्या, ती भीतीची होती. नवरा ऐन तरुणपणी गेला, तेव्हा मांडीवर अंगद आणि गोठ्यात एक म्हैस. त्या म्हशीनं दोघांना तारलं. लेकरू आणि मरण यांच्यामध्ये दुधाची वाटी असते, हे त्यांनी कुठं वाचलेलं नव्हतं, स्वतः पाहिलेलं होतं. आणि आता त्यांचा मुलगा ती वाटी बाजूला सारत होता. नातवंडांचं काही बरंवाईट झालं तर? आणि नाहीच झालं, तर मग आपण आयुष्यभर काय करत होतो? दोन्ही प्रश्न वाईटच.

शेवटी त्यांनी सगळ्यांना बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडं नेलं. मलाही नेलं, साक्षीला. डॉक्टरीणबाई तरुण, पण कडक. त्यांनी रेखाला खोदून खोदून विचारलं, लेकरं काय खातात, किती खातात, उन्हात खेळतात का. रक्त तपासलं. मग म्हणाल्या, "वाढ चांगली आहे. डाळी, तीळ, शेंगदाणे, पालेभाज्या, सगळं ठीक चाललंय. पण बी-ट्वेल्व्ह कमी दिसतंय. ते या खाण्यातून मिळत नाही. शेवग्यातून नाही, कशातूनच नाही. त्याचं औषध द्यावंच लागेल, न चुकता, आणि मधूनमधून तपासणी. ते चुकलं तर मी आजींच्या बाजूनं उभी राहीन."

अंगदनं मान खाली घातली. औषधाचं त्याला ठाऊक होतं. पण तो 'बघू, बघू' करत राहिला होता. आपल्या मातीतलं खाल्लं की सगळं मिळतं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. रेखा त्याला तिथंच म्हणाली, "हट्ट आपला, हाडं लेकरांची. आता बघू न्हाई."

गयाबाई पुढं सरकल्या. "बाई, ते बारा का काय म्हनलाव, ते दुधात असतंय का?"

"असतं, आजी."

गयाबाईंनी मागं वळून पाहिलं. बाहेर थांबलेल्या पेशंटांकडं असं पाहिलं, की गुलालच उधळायचा बाकी होता.

"पण औषधातही असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आठवड्यातून एकदा दिलं तरी चालेल, असा डोस मी लिहून देते."

गुलाल खाली बसला. पण बाई हरणारी नव्हती. दवाखान्याच्या पायरीवर त्यांनी जाहीर केलं, "औषध माज्या हातानं."

आणि तसं ठरलं. दर बाजाराच्या दिवशी माझ्या बाकड्यावर औषधाचा समारंभ व्हायचा. लेकरं आ वासून उभी, आजी चमच्यात थेंब मोजणार, मग त्यात पाणी घालणार. पाणी माझ्या माठातलं. मला तो काळ फार आवडला. कुणी जिंकलं नव्हतं आणि सगळ्यांचा मान राहिला होता.

तो मोडला ओंकारनं. एका संध्याकाळी तो घरी जाऊन बापाला म्हणाला, "आजीचं औषध आता पांढरं असतंय."

अंगद रस्ता ओलांडून आला. मी खवा हलवत होतो. गयाबाई शेवटच्या गाडीसाठी किटली आवरत होत्या.

"माय, औषध पान्यात द्यायचं ठरलं व्हतं."

"चमचाभर दुधानं काय जीव जातो का रं?"

"जीव जात न्हाई. इस्वास जातो. उद्या त्यो माज्या हातचं औषध बी वास घेऊन पिईल."

"तुला काय मी हापशाचं पानी पाजून वाडवलं? मंग माजं दूध कावून चालंना तुला?"

"तुजं न्हाई, माय. म्हशीचं." अंगद बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. "चंद्री आठवती का?"

गयाबाई किटलीच्या फडक्याची गाठ आवळत राहिल्या. चंद्री ही त्यांची म्हैस, हे मला नंतर कळलं. तिचं रेडकू मेलं होतं आणि ती पान्हा सोडेना. अंगद तेव्हा गुरांच्या डॉक्टरकीचं शिकत होता, सुट्टीत घरी आला होता. आईनं त्याला सांगितलं, तुला टाके घालता येतात, घाल. मेलेल्या रेडकाच्या कातड्यात भुसकट भरून, शिवून, ते म्हशीपुढं उभं केलं. आमच्याकडं हे काही नवं नाही. म्हैस चाटते, पान्हा सोडते, दूध मिळतं.

"सगळा हंगाम चाटत व्हती ती," अंगद म्हणाला. "टाके माजे व्हते."

"त्याच चंद्रीच्या दुधावर तुजं शिक्शान झालं."

"म्हनून तर मी कुनाला काईच म्हनत न्हाई. तुला बी न्हाई. निस्तं माज्या लेकरांना फसवू नको."

गयाबाई उठल्या. किटली उचलली आणि एकदाही मागं न बघता स्टँडकडं चालू लागल्या. कढईतला खवा करपला होता, पण त्या दिवशी वास घ्यायला कुणी नव्हतं.

पुढच्या बाजाराला त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. बाकडं रिकामं. त्यावर गिऱ्हाइकं बसायची, पण ते रिकामंच दिसायचं. रेखा घरात औषध द्यायची, तर ओंकार तोंड मिटून घ्यायचा. "आजीकडून." सई त्याचं नाक दाबायची, मग तो उघडायचा. अंगद दर रविवारी सिरसाळ्याला जायचा. आई बोलायची, नाही असं नाही. पण बोलायची फक्त गोठ्याचं. "डॉक्टर, तिसरीच्या पायाला गाठ आलीया, बघा." पोटच्या पोराला 'डॉक्टर' आणि 'बघा'. अंगद गाठ बघायचा, औषध लावायचा आणि पेशंटच्या मालकाचा निरोप घेऊन परतायचा.

मग मार्गशीर्ष सरत आला आणि धारूरच्या एसटीच्या कंडक्टरबरोबर मला निरोप आला. "शेठ, येळवशीला शेतात जेवायला या. बाकड्याचं भाडं फेडायचंय. समोरच्या घरच्यांना बी घेऊन या."

समोरच्या घरचे! म्हणजे त्यांचाच मुलगा, सून, नातवंडं.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी गावंच्या गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, उभारायची, पूजा करायची आणि मग हिरव्या दाण्यांची, पालेभाज्यांची मिसळ भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील. ज्वारीचं पीठ ताकात कालवून रात्रभर मडक्यात आंबवलेली ही आंबील नाकारायची नसते. वाटेनं जाणाऱ्या परक्यालाही बळंच पाजतात. आणि गयाबाईंच्या आंबिलीची तर कीर्ती अशी, की दाट ताकासाठी लोक तीन बांध ओलांडून यायचे.

जीपमध्ये अंगद म्हणाला, "आंबील पुढं आली तर?"

रेखा म्हणाली, "मी इचारीन."

"पूजेच्या ताटापुढं मायला इचारायचं न्हाई. समद्या गावात तिचा अपमान हुईल."

"मंग पिनार का तुमी?"

अंगदनं विषय पावसावर नेला, तोही मार्गशीर्षात.

एक सांगायचं राहिलं. त्या येळवशीनंतर मी गयाबाईंना पाहिलं नाही. उन्हाळ्यात त्या गेल्या. झोपेत, त्रास न होता. म्हणून तो दिवस मी जसाच्या तसा जपून ठेवलाय.

तूर उभी होती, हरभरा घाट्यावर आला होता. कोपीपुढं गोधडीवर पंगत. चुना आणि कावेनं रंगवलेलं आंबिलीचं मडकं एकच. मी आधी तेच पाहिलं. अंगदनंही पाहिलं. दुसरं मडकं कुठंही नव्हतं.

गयाबाईंनी पहिला पेला भरला आणि सईच्या हातात दिला. सईनं बापाकडं पाहिलं. बाप तुरीकडं बघत होता. रेखानं तोंड उघडलं, पण तिच्याआधी सईच बोलली.

"आजी, ह्यात ताक हाय?"

"पी."

"आदी सांग."

गयाबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. आणि मी शपथेवर सांगतो, त्या माउलीला हळू बोलता येत होतं. चोरी कबूल करावी तशा त्या पुटपुटल्या, "न्हाई."

सईनं पेला तोंडाला लावला. अंगदची मान तुरीकडून वळली ती आईवर येऊन थांबली. आई मात्र दुसरे पेले भरण्यात गुंतली होती. सगळ्यांना तीच आंबील, त्याच मडक्यातली. पीठ नुसतं पाण्यात आंबवून, चिंचेचा कोळ घालून केलेली.

एवढ्यावर भागलं असतं. पण पंगतीत ज्ञानोबा होता. हा शेजारच्या शेतातला, नात्यानं पुतण्या, तीन बांध ओलांडून आलेला. त्यानं मोठा घोट घेतला, थांबला, पेल्यात वाकून पाहिलं.

"काकू, कावून अशी लागतीया? ताक संपलं व्हय?"

पंगत हसली. कुणीतरी म्हणालं, "म्हशी आटल्या जनू!" दुसरं कुणी म्हणालं, "गयाकाकूच्या घरी ताकाचा दुकाळ, ऐका!" बांधाबांधावर ते पोचलं. आयुष्यभर जिनं तालुक्याच्या खव्यातलं पाणी ओळखलं, तिच्याच मडक्यात पाणी सापडलं होतं. गयाबाईंच्या तोंडात भज्जीचा घास होता, त्यात मिरची होती, आणि वर हा घाव. त्यांना जबर ठसका लागला. डोळे भरले, चेहरा लाल झाला.

सईनं पटकन आपली शाळेची बाटली पुढं केली. केजच्या घरून भरून आणलेली. गयाबाईंनी ती हिसकावून तोंडाला लावली आणि अर्धी रिकामी केली. त्या घरचं पाणी. रेखानं माझ्याकडं पाहिलं, मी रेखाकडं पाहिलं.

मग गयाबाईंनी पदरानं तोंड पुसलं, सईला कुशीत घेतलं, ओंकारला मांडीवर ओढलं आणि ओढ्यापलीकडच्या म्हशी उठून उभ्या राहतील अशा आवाजात म्हणाल्या,

"ताक घरी घागरभर पडलंय, मुडद्या! पर ताक पिनारे सोयरे मला गावभर हायत, न पिनारे दोनच हायत!"